मागील तीन महिन्यांत

"हा रकाना रिकामा कसा?" वकिलांनी विचारले.

त्यांचे बोट रक्ततपासणीच्या फॉर्मच्या झेरॉक्सवर होते, खालून तिसऱ्या ओळीवर. नीलिमाला वाकून पाहायची गरज नव्हती. 'मागील तीन महिन्यांत रक्त चढवले आहे का?' त्यापुढे 'हो' आणि 'नाही' असे दोन चौकोन. दोन्ही कोरे. बाकी सगळा फॉर्म तिच्याच अक्षरात भरलेला होता. नाव यशदीप, वय अठ्ठावीस, मंत्रालयात सहायक, सिकलसेल तपासणी: एएस. खाली तिची सही आणि तारीख, नऊ डिसेंबर.

"राहून गेला," ती म्हणाली.

वकिलांनी चष्मा काढून पुसला. त्यांचे नाव चारुदत्त. तात्यापाऱ्यातल्या या पहिल्या मजल्यावर त्यांचे वडीलही वकिलीच करत होते. खाली रस्त्यावर कोणीतरी सारखा हॉर्न वाजवत होता. नीलिमाचे वडील धर्मपाल शेजारच्या खुर्चीत, कागदांची पिशवी मांडीवर धरून बसले होते. रेल्वेतून निवृत्त होऊन सहा वर्षे झाली, पण अजून कुठल्याही ऑफिसात ते साहेबासमोर बसावे तसे बसत.

"दोन रस्ते आहेत," वकील म्हणाले. "पहिला, लग्न रद्द करून घ्यायचं. त्यासाठी फसवणूक दाखवावी लागेल. आजार माहीत होता आणि लपवला, असं. फसवणूक कळल्यापासून वर्षाच्या आत अर्ज हवा, आणि कळल्यावर नवराबायको म्हणून राहिलेलं नको. तुम्हाला कधी कळलं?"

"एकवीस जुलैला. सकाळी सव्वाअकराला."

वकिलांनी मान वर करून तिच्याकडे पाहिले. "त्यानंतर?"

"ते दवाखान्यात होते. अकरा दिवस. मी तिथेच होते."

"सासरी परत गेला नाहीत?"

"डिस्चार्जच्या दिवशी बाबा घ्यायला आले."

"मग हरकत नाही. दवाखाना म्हणजे काही संसार नव्हे."

लग्नाला तेव्हा दोन महिने झाले होते. घरी सासूबाई, दीर, नणंद, दोन खोल्या. त्यामुळे यशदीप आणि ती यांचे खरे बोलणे त्या अकरा दिवसांतच झाले होते. पहाटे त्याच्या नडग्या दुखायच्या, तेव्हा ती गरम पाण्याची पिशवी सरकवत बसायची आणि तो तिला मंत्रालयातल्या फायलींच्या गोष्टी सांगायचा, म्हणजे ओरडावे लागणार नाही.

"दुसरा रस्ता, परस्पर संमतीचा घटस्फोट. वर्षभर वेगळं राहायचं, मग अर्ज, मग साधारण सहा महिने. कोणावर आरोप नाही. पण दोन्ही वेळेस दोघांनी हजर राहायला हवं." त्यांनी चष्मा परत लावला. "म्हणजे तोवर दोघंही असायला हवेत."

"अन् तो नसला त?" धर्मपालांनी विचारले.

"मग घटस्फोटाचा प्रश्नच उरत नाही. मग त्या विधवा." ज्या सुरात कलमे सांगितली त्याच सुरात त्यांनी हे सांगितले. "म्हणून मी म्हणतो, रद्दचा रस्ता तुमच्यासाठी चांगला. पण समोरचा वकील पहिल्याच तारखेला हा फॉर्म मागेल. बाई स्वतः लॅबमध्ये आहेत. तपासणी त्यांनीच केली. त्यांनी विचारलं का? विचारलं आणि तो 'नाही' म्हणाला, तर ते लपवणं. विचारलंच नाही, तर मग सांगणं कठीण." त्यांनी झेरॉक्सची नीट घडी घातली आणि ती तिच्या हातात परत दिली. "मूळ फॉर्म कोणाकडे आहे?"

"मेळाव्याच्या समितीचे बाबाराव काका आहेत, त्यांच्याकडे."

"तो घेऊन या. ही झेरॉक्स मला काही नीट दिसत नाही."

झेरॉक्स अगदी स्वच्छ होती.

*

गुढियारीच्या विहारात दर डिसेंबरात समाजाचा वधू-वर परिचय मेळावा भरे. चार वर्षांपूर्वी समितीने नियम केला होता की मुलामुलीच्या माहितीच्या फॉर्मसोबत सिकलसेल या आनुवंशिक रक्तदोषाची तपासणी हवीच. हा नियम व्हावा म्हणून नीलिमानेच बैठकीत फळ्यावर चौकोन काढून समजावले होते. दोघे एएस, म्हणजे नुसते वाहक, असतील तर चारातले एक मूल एसएस, म्हणजे आयुष्यभराचे दुखणे. एक एएस आणि एक एए, म्हणजे पूर्ण निर्दोष, असेल तर भीती नाही. तेव्हापासून मेळाव्यात रक्त घ्यायला टेबल लागे आणि टेबलामागे ती बसे.

मागच्या डिसेंबरात तिने एकशे बारा जणांचे रक्त घेतले होते. त्यातल्या एकशे अकरा फॉर्मवर तो रकाना भरलेला होता. तिने नंतर जाऊन सगळे तपासले होते.

यशदीपने बाही वर केली होती आणि म्हटले होते, "सावकाश, दीदी. माझी शीर दगा देते." तिला ती पहिल्याच टोचणीत सापडली. तो हसून म्हणाला, "हे पहिल्यांदाच झालं." रांगेतल्या बायकाही हसल्या. नीलिमाच्या मागे तिची आई उभी होती, तिचा या पोराचा माहितीचा फॉर्म आधीच वाचून झालेला होता, हे नीलिमाला माहीत होते. तिने मान खाली घालून नळीवर नंबर टाकला आणि पुढच्याला बोलावले.

आपली शीर दगा देते हे कुणाला माहीत असते? ज्याला पुष्कळदा टोचलेले असते त्याला. हा प्रश्न तिला आठ महिन्यांनी पडला.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये त्याच्या नमुन्यात हिमोग्लोबिनच्या दोन पट्ट्या आल्या, एक एची आणि एक एसची. एची जरा जाड. तिने 'एएस' लिहिले. ती स्वतः एए होती. मे महिन्यात लग्न झाले. भर उन्हाळ्यात तो ऑफिसला स्वेटर नेई, आणि दोन लिटरची पाण्याची बाटली. राज्याचे मंत्रालय शहराबाहेरच्या नव्या राजधानीत गेल्यापासून कर्मचाऱ्यांची बस होती, तिच्यात एसी फार, असे तो म्हणे. थंडी आणि तहान सिकलचे दुखणे उठवतात हे ठाऊक असूनही तिने ते ऐकून घेतले. जुलैत एक दिवस तो बसमधून उतरला तो पायावर उभाच राहू शकला नाही.

दवाखान्यात घेतलेला नमुना तिने स्वतः लावला. या वेळी एची जागा रिकामी होती, म्हणजे तो एसएस होता. मग सासूबाईंनी पलंगाखालून जुनी फाईल काढली. तीत एकोणीस नोव्हेंबरची नोंद होती: रक्ताच्या दोन बाटल्या. मेळाव्याच्या वीस दिवस आधी. दुसऱ्याचे रक्त अंगात तीन-चार महिने टिकते. डिसेंबरात तिने पाहिलेली ती जाड पट्टी कोणा अनोळखी दात्याची होती.

*

"बिजवर येतीन," आई म्हणाली. मीराबाई मेथी निवडत होती आणि बोलताना तिचे हात थांबत नव्हते. "फॉर्मवर घटस्फोटित लिहिलं का दोन पोट्ट्यांचे बाप येतात पाहाले. रद्द झालं त तू कुमारीच."

"आई, लग्नात चारशे माणूस जेवलं."

"जेवलेले विसरतात. कागद राहाते."

नीलिमा कपड्यांच्या घड्या घालत होती. धर्मपाल दाराशी पेपर घेऊन बसले होते, पण पान उलटत नव्हते.

"अन् खोटं काय हाये त्याच्यात?" आईने विचारले. "त्यानं सांगतलं का तुले? नाही न सांगतलं. मंग?"

"मी विचारलं नाही."

"काहून विचाराव लागते? घराले आग लागली हे का विचारल्यावर सांगतात?"

नीलिमा रोज या वाक्यापाशी येऊन थांबत होती. आईचे खरे होते. आणि तो चौकोन कोरा होता, हेही खरे होते.

"तुमी काही बोलान का नाही?" आई धर्मपालांना म्हणाली. "मी एकटीच वाईट होऊन राहिली."

"मी काय बोलू," धर्मपाल म्हणाले. "डब्याची बेअरिंग न तपासता पास करून देली अन् पुढं डबा रुळावरून उतरला, त साहेब डब्याले थोडीच विचारते. सही कोनाची, ते विचारते."

"हे पाहा. पोरीचा जीव जाऊन राहिला अन् यायचे डबे सुरू."

"मी तिले दोष नाही देऊन राहिलो."

"मंग?"

धर्मपालांनी पेपरची घडी केली. "मी तिले घेऊन आलो," ते म्हणाले. "तेवढं मले जमलं."

नीलिमाच्या हातातली घडी मोडली. ते ऑटो घेऊन दवाखान्याच्या फाटकात आले तेव्हा तिची बॅग भरलेली होती. ती भरायला तिला कोणी सांगितले नव्हते. यशदीप पलंगावर बसून चप्पल घालायचा प्रयत्न करत होता. तिने त्याला चप्पल घालून दिली, वाकून, दोन्ही पायांत, आणि मग बॅग उचलली. तो म्हणाला, "हव, जा तू. थकली असशीन." पोळ्यापुरती राहशील, मग पाहू, असे सगळे म्हणाले. पोळा गेला. तिला कोणी पाठवले नाही आणि तिनेही मला पाठवा म्हटले नाही. त्या पहिल्या रात्री ती सलग नऊ तास झोपली होती. फसवणूक कोणी केली हे ठरवताना ती ते नऊ तासही मोजत असे.

*

बाबाराव काका रविवारी वंदना झाल्यावर विहाराच्या कपाटाशी भेटले. तिने काही म्हणायच्या आधीच त्यांनी फाईल काढली.

"वकिलाचा फोन आलता मले," ते म्हणाले. "घेऊन जाय मूळ. सही कर इथं वहीत." मग फॉर्म तिच्या हातात देऊन त्यांनी खिशातला पेनही पुढे केला. "पेन हाये का तुह्याजवळ? निळाच होता न तवा?"

"आहे, काका."

"मी इकडं पाठ करून राहतो. मले काही दिसत नाही." ते खरेच वळले आणि कपाटातल्या फायली सारख्या करू लागले. "हे पाहा नीलिमा, त्यानं लपवलं असं निघालं त समितीवर बोट येत नाही. लोक म्हणतीन, तपासणी बरोबर होती, माणूस खोटा निघाला. पण तुह्याकडून राहिलं असं निघालं, त पुढच्या वर्षी कोन रक्त देते? चार वर्षांची मेहनत. तुहीच हाये."

"यंदाचे फॉर्म आले का?"

"येऊन राहिले. त्याच्या बहिणीचाबी आला, धाकटीचा. ठेवला बाजूले."

"बाजूला का?"

"म्हटलं, कोर्टाचं काय होते ते पाहू. लपवणाऱ्या घरातली म्हटल्यावर कोन पाहीन तिले." त्यांनी कपाट लावले, किल्ली फिरवली आणि वळले. "झालं का?"

नीलिमाने फॉर्म लिफाफ्यात घातला होता. पेनाचे टोपण काढलेले नव्हते.

"घरी भरते," ती म्हणाली, आणि आपण असे का म्हणालो ते तिला कळले नाही.

*

लिफाफा दोन दिवस लॅबमधल्या तिच्या खणात होता. मंगळवारी सकाळी तिने "पुढचे" म्हणून हाक मारली आणि यशदीप आत आला. त्याने स्वेटर घातला होता. ऑक्टोबर होता, त्यामुळे तो आता कोणाला विचित्र वाटला नसता.

"डॉक्टरनं लिहून दिलं," तो चिठ्ठी पुढे करत म्हणाला. "नवी गोळी सुरू केली न, त दर महिन्याले रक्त पाहा म्हणे. दोनदा दुसरीकडं गेलतो." त्याने बाही वर केली. कोपराच्या खाली तीन-चार ठिकाणी हिरवट डाग होते. "तिकडं चारदा टोचते."

तो खुर्चीवर बसला. बाटली पायाशी ठेवली. बाहेर आणखी सात-आठ जण बसले होते, म्हणून दोघे हळू बोलत होते.

"बाबाराव काकायनं आईले सांगतलं," तो म्हणाला. "फॉर्म तुह्याजवळ आहे म्हणे."

"आहे."

"भरून टाक न मंग. मी कोर्टात म्हणीन, यायनं विचारलं होतं, मीच नाही म्हटलं. वकीलबी करत नाही मी. एका तारखेत होईन तुझं."

"का म्हणाल तसं?"

"तुझं बरं होईन." तो जरा हसला. "माझं काय होणार आहे अजून?"

"आणि बहिणीचं?"

त्याने पाण्याची बाटली उचलली, झाकण काढले, आणि न पिता परत लावले.

नीलिमाने जुलैपासून एक प्रश्न जपून ठेवला होता. दवाखान्यात त्याला दुखत होते म्हणून विचारला नव्हता. नंतर तो समोर नव्हता.

"तुम्हाला माहीत होतं?"

"सिकल आहे, एवढं लहानपणीच सांगतलं होतं," तो म्हणाला. "वर्षातून एक-दोनदा पडत होतो. मंग तुझा रिपोर्ट आला. एएस. मी तीनदा वाचला. आईनं वाचला. तुझे बाबा म्हणे, एएसवाल्याले काही होत नाही, पोरीनं फळ्यावर दाखवलं. मले वाटलं, इतकी वर्षं डॉक्टरच चुकला असन. मशीन थोडीच खोटं बोलते." तो तिच्याकडे न पाहता सुया-नळ्यांच्या ट्रेकडे पाहत होता. "अन् तू बी आवडली होती. मंग मी जास्त विचार नाही केला. खरं सांगून राहिलो."

ती ऐकत होती. हे खरे असू शकत होते. तो सगळे जाणून गप्प राहिला, हेही असू शकत होते. दोन्ही गृहीतकांतून निरीक्षण तेच निघत होते, दोन पट्ट्या आणि एक कोरा चौकोन. कॉलेजात त्यांना शिकवले होते की अशा वेळी आणखी एक चाचणी करायची. माणसाने नऊ डिसेंबरला काय विचार केला होता याची चाचणी नव्हती.

तिने लॅबचा छापील फॉर्म ओढला आणि लिहू लागली. नाव. वय, आता एकोणतीस. तपासणी. डॉक्टर. लॅबच्या फॉर्मवरही खालून तिसऱ्या ओळीत तोच प्रश्न होता, हिंदीत. तिचा पेन तिथे थांबला.

"मागील तीन महिन्यांत रक्त चढवलं का?" तिने विचारले. रोज साठ-सत्तर लोकांना ती ज्या आवाजात विचारत असे, त्याच आवाजात.

"हो," तो लगेच म्हणाला. "दोन बाटल्या. चोवीस जुलै." मग म्हणाला, "तूच होती न तिथं."

तिने 'हाँ'समोर खूण केली आणि पुढे तारीख लिहिली. लिहून झाल्यावरही ती त्या ओळीकडे पाहत राहिली. उत्तर यायला एक सेकंदही लागला नव्हता.

"आपण संमतीनं करू," ती म्हणाली. "रद्द नको. तो फॉर्म जसा आहे तसाच मी बाबाराव काकांना देते. सांगते, माझ्याकडून राहिलं. तुमच्या बहिणीचा फॉर्म त्यांनी बाजूला ठेवू नये."

"तुझी आई?"

"आईला सांगते."

"काय सांगशीन?"

तिने डॉक्टरची चिठ्ठी फॉर्मला टाचली. "कोर्टाला वेळ लागेल," ती म्हणाली. "वर्ष पुरं व्हावं लागतं. मग अर्ज. मग पुन्हा सहा महिने. दोन्ही वेळेला तुम्हाला यावं लागेल."

यशदीपने बोटांवर काहीतरी मोजले. "म्हणजे पुढच्या पोळ्याच्या आसपास अर्ज," तो म्हणाला. "अन् मंग होळी." तो विचार करत होता, बसची वेळ ठरवताना करावा तसा. "दीड वर्ष त काढीन मी. येईन तारखेले. स्वेटर घालून येईन."

नीलिमाने पट्टा बांधला. त्याने न सांगता मूठ आवळली. डागांच्या मधोमध जागा थोडीच उरली होती. तिने बोटाने चाचपून पाहिले. शीर तिथेच होती, खोल आणि जरा डावीकडे, जशी तिला आठवत होती. पहिल्याच टोचणीत नळीत रक्त आले. तिने पट्टा सोडला, कापूस ठेवला आणि सुई काढली. त्याने हात दुमडला, उठून बाटली उचलली.

"रिपोर्ट?"

"संध्याकाळी पाचनंतर."

"मी नाही येणार. भाऊ येईन." दाराशी तो क्षणभर थांबला, पण बाहेरची बाई उठून आत यायला लागली होती, म्हणून तिला वाट देऊन तो निघून गेला.

रक्त गोठू नये म्हणून नळी आठ वेळा हलकेच उलटीसुलटी करायची असते. नीलिमाने ती मोजून आठ वेळा केली. मग नंबर चिकटवायला हवा होता. बाई खुर्चीवर बसून बाही वर करत होती. नळी अजून कोमट होती, आणि नीलिमा ती तळहातात तशीच धरून उभी होती.